युपिक गवती टोपली घ्यायची असेल तर: आधी टाका बघा, मग रंग

माझ्या कपाटात दोन गवती टोपल्या शेजारी शेजारी आहेत. एक अलास्काची आहे आणि दुसरी अलास्कात विकत घेतलेली. या दोन वाक्यांतला फरक कळायला मला पाच वर्षं लागली आणि बऱ्यापैकी डॉलर गेले. नव्याने या नादाला लागणाऱ्याचे तरी वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

मी आधी घेतलेली, म्हणजे पहिली टोपली क्रूझची जहाजं थांबतात अशा एका बंदरावरच्या दुकानातली. झाकण, पोटावर रंगीत नक्षी, खाली 'नेटिव्ह स्टाइल' असं लिहिलेली चिठ्ठी. 'स्टाइल' या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही. कोणी केली, कुठल्या गावात केली, हे मी विचारलं नाही आणि दुकानदारानेही सांगितलं नाही. पुढे खऱ्या टोपल्या हाताळल्यावर समजलं की हे गवतच त्या किनाऱ्यावरचं नाही. दुसरी टोपली मी अँकरेज या अलास्कातल्या शहरात, एका बाजारात, ती करणाऱ्या आजींच्या हातून घेतली. ती आकाराने लहान होती आणि किंमत पहिलीच्या तिप्पट. आज दोन्ही पाहुण्यांसमोर ठेवल्या तर सगळे आधी पहिलीच उचलतात, कारण तिचे रंग भडक आहेत.

कुठली, कोणाची

युपिक लोक नैऋत्य अलास्काचे. युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन मोठ्या नद्या बेरिंग समुद्राला मिळतात, तिथला सपाट, पाणथळ त्रिभुज प्रदेश आणि त्याच्या दक्षिणेचा किनारा हा त्यांचा मुलूख. झाडं जवळजवळ नाहीत, गवत मात्र अमाप. हूपर बे, चेवाक, टोकसूक बे, किपनुक, नुनिवाक बेटावरचं मेकोर्युक अशी गावांची नावं टोपल्यांच्या चिठ्ठ्यांवर दिसतील. चेवाकचे लोक स्वतःला चुपिक म्हणवतात आणि नुनिवाकचे चुपिग. बोली थोडी वेगळी, घराणं तेच. या भागाचं मुख्य गाव बेथेल. अँकरेजपासून ते सुमारे ६४० किलोमीटरवर आहे आणि तिथे रस्ता जात नाही. विमानानेच जावं लागतं, आणि बेथेलहून पुढच्या गावांना आणखी लहान विमानाने. टोपलीच्या किमतीत हा प्रवासही धरलेला असतो.

जुन्या लिलावांच्या याद्यांत या टोपल्या 'एस्किमो बास्केट' या नावाखाली सापडतात. शोधताना तो शब्द वापरावा लागतो. बोलताना वापरू नका, विशेषतः करणाऱ्या बाईसमोर. तिथे युपिक म्हणायचं.

पहिली पायरी: ही विणलेली नाही, शिवलेली आहे

आपल्याकडे टोपली म्हटलं की बुरुडाचं काम डोळ्यांसमोर येतं. बांबूच्या उभ्या काड्या, त्यांतून आडव्या पट्ट्या आत-बाहेर, आत-बाहेर. युपिक टोपलीत हा प्रकारच नाही. डोक्यावर हंडा ठेवायला बायका चुंबळ करतात, ती आठवा. आता चुंबळीवर चुंबळ चढवत गेलात आणि प्रत्येक वेढा खालच्या वेढ्याला सुईने टाचत गेलात, तर जे भांडं उभं राहील ती ही टोपली. गवताच्या काड्यांची बारीक जुडी हा गाभा. ती तळाच्या मध्यापासून गोल गोल फिरवायची. उभ्या चिरलेल्या गवताच्या पात्याचाच दोरा करायचा. तो जुडीभोवती गुंडाळून खालच्या वेढ्यातून सुईने ओवायचा आणि खेचायचा. एक टाका झाला. असे हजारो.

युपिक भाषेत तिला 'मिङ्काक' म्हणतात आणि त्या शब्दाचं मूळ शिवण्याच्या क्रियापदातच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की टोपलीकडे बघण्याची नजर बदलते. कुंभाराच्या मडक्याकडे बघतो तसं न बघता चांगल्या गोधडीकडे बघतो तसं बघायला लागतो. गोधडीची कापडं कितीही रंगीत असली तरी जाणती बाई ती उलटी करून धावदोरा बघतेच ना?

युपिक बायका गवताला गवताचाच पीळ घालून पिशव्या, चटया, बुटात घालायचे मोजेही करत. त्या पिशवीला 'इस्रान' म्हणतात. मासे आणि अंडी आणायला ती वापरायचे. ही पीळ घालायची पद्धत इथे फार जुनी. वेटोळ्याच्या शिवलेल्या टोपल्या एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर होत्याच. एडवर्ड नेल्सन हा निसर्गअभ्यासक १८७७ ते १८८१ या काळात सेंट मायकेलला राहून स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संस्थेसाठी वस्तू गोळा करत होता, त्याच्या संग्रहात त्या आहेत. विसाव्या शतकात शाळामास्तर, मिशनरी आणि व्यापारी यांच्यामार्फत बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा झाकणाच्या, नक्षीदार टोपल्यांचं प्रमाण वाढलं. म्हणजे आज आपण जी 'पारंपरिक' टोपली घेतो तिच्या रूपात आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचाही हात आहे. यात मला काही कमीपणा वाटत नाही. पैठणीवरचे मोरही कुणाच्या तरी मागणीवरूनच नाचले असतील.

दुसरी पायरी: गवत ओळखा

हे गवत समुद्रकाठच्या वाळूत वाढतं. वनस्पतिशास्त्रातलं नाव लायमस मॉलिस, जुन्या पुस्तकांत एलिमस मॉलिस. कूळ गव्हाचंच. युपिक नाव 'तापेर्नाक'. शरदात पाती पिवळी पडायला लागली की बायका ती कापतात, निवडतात, जुड्या बांधून वाळवतात. वाळल्यावर रंग फिकट पिवळ्यापासून मधासारख्या तपकिरीपर्यंत जातो. एकाच टोपलीत या छटा थोड्या इकडेतिकडे दिसल्या तर तो दोष समजू नका. शिवायच्या आधी पाती ओलसर करून मऊ करतात, नाहीतर ती तुटतात.

हाताला लागेल ते असं: पृष्ठभागाला किंचित चमक, पात्याच्या उभ्या बारीक रेघा, आणि टोपली दिसते त्यापेक्षा घट्ट. झाकण उघडून नाक आत घाला. नव्या टोपलीला वाळल्या गवताचा गोडसर वास असतो, कधी त्यात घरातला धूरही मिसळलेला. माझ्या पहिल्या टोपलीला वार्निशचा वास होता. नाकाने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

काही जणी नक्षीसाठी दुकानातला रॅफिया (एका ताडाच्या पानांचा धागा) किंवा रंगीत लोकर वापरतात. त्याला खोटं म्हणायचं कारण नाही, पण संपूर्ण गवताची टोपली आणि रॅफिया घातलेली टोपली यांत संग्राहक फरक करतात, म्हणून विचारून घ्या. रॅफिया जास्त रुंद, सपाट आणि मेणचट दिसतो.

तिसरी पायरी: खरेदीच्या आधी वर्षभर नुसतं बघा

वर्षभर जास्त वाटेल, पण सहा महिने तरी थांबा. अँकरेज म्युझियममध्ये स्मिथसोनियनच्या आर्क्टिक अभ्यास केंद्राचं दालन आहे. जूनोचं राज्य संग्रहालय, सिटकाचं शेल्डन जॅक्सन म्युझियम, फेअरबँक्सच्या विद्यापीठाचं म्युझियम ऑफ द नॉर्थ, बेथेलचं युपीत पिचिर्याराइत सांस्कृतिक केंद्र, ही बघण्याची ठिकाणं. पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून एवढा प्रवास जमणार नसेल तर मोठ्या संग्रहालयांचे संग्रह घरबसल्या चाळता येतात. तळाचा फोटो असेल तर तो आधी उघडा.

बघता बघता शेजारच्या परंपरांपासून हिला वेगळं करता आलं पाहिजे, कारण विकणारे सगळं एकाच फळीवर मांडतात. अल्यूशियन बेटांवरच्या उनांगन बायकांच्या टोपल्याही याच जातीच्या गवताच्या, पण त्या पीळ घालून विणलेल्या आणि कापडासारख्या तलम असतात. त्या बेटांपैकी अट्टूच्या नावाला संग्राहकांत फार मोठा मान आहे. आग्नेयेकडच्या त्लिंगित लोकांच्या टोपल्या स्प्रूस झाडाच्या मुळांच्या. उत्तरेकडे इन्युपियाक लोकांतले पुरुष व्हेल माशाच्या तोंडातल्या काळ्या चिवट पट्ट्यांपासून टोपल्या करतात. त्याही वेटोळ्याच्याच, पण काळ्याभोर, आणि झाकणावर बहुधा हस्तिदंतासारखी कोरीव मूठ. युपिक टोपली यांत सगळ्यात साधी दिसते. फसायला होतं ते तिच्या या साधेपणामुळेच, कारण नक्कल करायला ती सोपी वाटते.

चौथी पायरी: हातात घेतल्यावर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे याच पाच मिनिटांत वाचतात किंवा बुडतात.

आधी परवानगी मागा. मग टोपली दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या. कडेला धरून किंवा झाकणाच्या बोंडाला धरून उचलायची नाही. ती सवय घरीही लावून घ्या.

पालथी करा आणि तळाचा मध्य बघा. सुरुवात करणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम, कारण जुडीला तिथे अगदी लहान वळण घ्यावं लागतं. मध्यापासून चार-पाच वेढे एकसारखे, गोल आणि सपाट असतील तर पुढचं काम चांगलं असण्याची शक्यता मोठी. मध्य फुगलेला असला आणि टोपली टेबलावर डुगडुगत असली तर बाई शिकाऊ असेल किंवा घाईत असेल. शिकाऊ हाताची टोपली घेऊ नये असं मी म्हणत नाही, किंमत मात्र त्या हाताची द्यावी.

मग वेढ्यांची जाडी. जुडीतली पाती संपत जातात आणि शिवताना सारखी नवी घालत राहावी लागतात. ज्या हाताला याचा अंदाज असतो त्याचा वेढा तळापासून काठापर्यंत एकाच जाडीचा राहतो. नवशिक्याचा वेढा अजगराने उंदीर गिळल्यासारखा मध्येच फुगतो.

आता टाके. एका इंचात किती ते मोजा. फूटपट्टी खिशात ठेवायला लाजू नका. एका जागी मोजून थांबू नका, तळाला मोजा, पोटाला मोजा, झाकणावर मोजा. आकडा सगळीकडे जवळपास सारखा हवा आणि टाक्यांचा कल एकाच दिशेचा. घट्ट कामात टाके खेटून असतात आणि आतली जुडी दिसत नाही. मुद्दाम मोकळं, जाळीदार ठेवलेलं कामही असतं, पण तिथली मोकळीकही मोजूनमापून असते.

झाकण लावा, फिरवा, पुन्हा काढा. ते कुठल्याही बाजूने बसलं पाहिजे, न अडकता आणि न खुळखुळता. दोन वेगवेगळी वेटोळी नुसत्या नजरेच्या मापाने एकमेकांत बसवायची म्हणजे काय, हे ज्यांनी घरी डब्यांची झाकणं हरवली आहेत त्यांना समजेल.

नक्षी सगळ्यात शेवटी. फुलपाखरं, फुलं, सील हे समुद्री प्राणी, पक्षी, माणसं, पायऱ्यांचे भौमितिक पट्टे, असं काहीही असेल. वेढा वर चढत जाताना चित्र प्रत्येक फेरीला थोडं सरकतं, ते सावरत दोन्ही बाजू सारख्या ठेवणं हे कौशल्य. फुलपाखराचे पंख जुळतात का बघा. मग आत डोकवा: रंगीत दोरा बदलला तिथली टोकं लपवलेली आहेत की बाहेर लोंबत आहेत? जुन्या टोपल्यांत नक्षीसाठी रंगवलेल्या सीलच्या आतड्याच्या पट्ट्या असत. पातळ, अर्धपारदर्शक, वाळक्या कागदासारख्या. त्या दिसल्या की टोपली जुनी असण्याचा संभव वाढतो आणि कायद्याचा प्रश्नही उभा राहतो. त्याबद्दल पुढे.

पाचवी पायरी: नाव, गाव, पावती

अमेरिकेत १९९० चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायदा आहे. मूळनिवासींनी न केलेली वस्तू त्यांनी केल्याचं भासवून विकणं हा त्याखाली गुन्हा आहे, आणि अलास्काचे मूळनिवासीही त्यात येतात. पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीला २,५०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणूनच हुशार दुकानदार 'स्टाइल', 'इन्स्पायर्ड' असे शब्द वापरतात. मला बाधलेला शब्द तोच.

चिन्हांची गल्लतही करू नका. अस्वल आणि त्याचं पिल्लू असलेला 'मेड इन अलास्का'चा शिक्का एवढंच सांगतो की वस्तू अलास्कात झाली. ती कुणीही केलेली असू शकते. रुपेरी हाताचं 'सिल्व्हर हँड' हे चिन्ह मूळनिवासी कलाकाराच्या हाताने केलेल्या वस्तूचं असतं आणि ते राज्याच्या कला परिषदेकडून मिळतं. मात्र चिन्ह नाही म्हणजे वस्तू खोटी, असं उलटं गणित मांडू नका. लांबच्या गावातल्या कितीतरी जणी नोंदणीच्या भानगडीत पडत नाहीत.

पावतीवर करणाऱ्या बाईचं नाव, गाव, साहित्य आणि वर्ष लिहून मागा. विकणारा नाव सांगू शकत नसेल तर का, ते विचारा. जुन्या टोपल्यांची नावं खरोखरच हरवलेली असतात, कारण घेणाऱ्यांनी ती लिहून ठेवलीच नाहीत. नव्या टोपलीला ती सबब चालत नाही.

कुठे घ्यायची

सगळ्यात उत्तम म्हणजे करणाऱ्या हातातून. ऑक्टोबरमध्ये अलास्का फेडरेशन ऑफ नेटिव्ह्ज या मूळनिवासींच्या संघटनेचं अधिवेशन भरतं, बहुतेक वेळा अँकरेजला. त्यासोबतच्या बाजारात गावागावांतून आलेल्या बायका टेबलं मांडतात. बेथेलला वसंतात कामाई नृत्यमहोत्सव असतो, तिथेही. तिथे गेलात तर बायकांच्या हातातले नाचाचे पंखे नक्की बघा: मधे गवताचं वेटोळं, कडेला कॅरिबू या हरणाचे लांब केस. माझ्या खिशाला पुढचा खड्डा तोच असणार. अँकरेजच्या अलास्का नेटिव्ह मेडिकल सेंटर या हॉस्पिटलमधलं हस्तकलेचं दुकान संग्राहकांत माहितीचं आहे. हॉस्पिटलात टोपल्या बघायला जातो म्हटल्यावर माझी बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ते सांगत नाही.

तळहातावर मावेल अशा टोपलीलाही शंभर ते काहीशे डॉलर पडतात. मोठ्या, बारीक टाक्याच्या, झाकणाच्या टोपलीला हजाराच्या वर मोजावे लागतात. 'थोडं कमी करा की मावशी' ही आपली जुनी सवय इथे घरी ठेवून या. गवत कापण्यापासून झाकणाच्या शेवटच्या टाक्यापर्यंत आठवडे जातात. ते ताशी हिशोबात बसवलेत तर तुम्हालाच ओशाळल्यासारखं होईल. परवडत नसेल तर लहान घ्या. पैसे दिल्यावर 'कुयाना' म्हणा, म्हणजे आभार. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा.

भारतात आणताना

नुसती गवताची टोपली असेल तर काम सोपं. तरी ती वनस्पतीपासून केलेली वस्तू आहे, म्हणून विचारलं तर लपवू नका आणि आत माती किंवा बी राहिलेलं नाही हे बघून घ्या. सीलचं आतडं, सीलचं कातडं किंवा वॉलरस या समुद्री प्राण्याचा सुळा लागलेला असेल तर गोष्ट वेगळी. १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने अलास्काच्या मूळनिवासींना अशा साहित्याच्या हस्तकला करण्याची आणि विकण्याची मुभा आहे. पण ती वस्तू अमेरिकेबाहेर न्यायला वेगळे नियम आणि परवानग्या लागतात, आणि आपल्याकडच्या आयातीचे नियमही आहेतच. विकत घेण्याआधी दोन्हीकडे चौकशी करा. नवशिक्याने भारतात न्यायला अशी टोपली घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतच राहणाऱ्यांना देशाबाहेर नेण्याची ही अडचण नाही.

पावसाळा नावाचा शत्रू

ही टोपली थंड प्रदेशात जन्मलेली. मुंबई-कोकणातला जुलै तिला माहीत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाल तर आत दमट राहून बुरशी येईल. धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळा, कपाटात सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा उघडून बघा. झाकण घट्ट लावून ठेवू नका. बुरशीचा पांढरा ठिपका दिसलाच तर कोरड्या हवेत नेऊन मऊ ब्रशने झटका. पाणी, तेल, पॉलिश, काहीही लावू नका.

घरातली मोठी माणसं 'ऊन दाखव जरा' म्हणतील. लोणच्याला आणि गाद्यांना ते ठीक आहे, रंगीत गवताला नाही. रंग उडतात आणि पुन्हा येत नाहीत. डांबरगोळ्या टोपलीत टाकू नका. कसर किंवा पोरकिड्याचा संशय आला, तळाशी बारीक भुकटी दिसली, तर टोपली दोन पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच ठेवायची, म्हणजे दव टोपलीवर न धरता पिशवीवर धरतं.

कार्ड लिहा

प्रत्येक टोपलीसोबत एक कार्ड ठेवा: नाव, गाव, कधी, कुठे, किती टाके, करणारी काय म्हणाली. शाई नको, पेन्सिल. टोपलीवर काहीही चिकटवायचं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये हॅलाँग वादळाचे अवशेष या किनाऱ्यावर धडकले. किपनुक आणि क्विगिलिंगोक ही गावं पाण्याखाली गेली, घरं वाहून गेली, शेकडो माणसांना विमानांनी अँकरेजला हलवलं. तेव्हापासून चिठ्ठीवर किपनुक दिसलं की मी ते दोनदा वाचतो.

आजींच्या टोपलीचं माझ्याकडचं कार्ड मागच्या बाजूलाही भरलं आहे. त्यांनी हे काम त्यांच्या आजीकडून शिकलं, गवत कुठल्या खाडीजवळचं, मधला निळा पट्टा संपत आलेल्या रंगामुळे फिका झाला, असं सगळं त्यावर आहे. पहिल्या टोपलीच्या कार्डावर 'गवत, झाकणासह, बंदरावरच्या दुकानातून' एवढंच लिहिता आलं. तिच्यात आता बायकोच्या सुया आणि दोऱ्याची रिळं असतात.